बेंबळीकडची खुर्ची

मेहबूबभाई, बोर्ड चालला.

हे सगळ्यात आधी सांगते, कारण त्याआधी दुसरं काही तुम्ही ऐकूनच घेतलं नसतं. परवा प्रयोग झाला. तुम्ही एकोणचाळीस सीन भरून ठेवले होते, एकोणचाळीसही लागले. दिवे न जोडता भरलेले, एकदाही प्रत्यक्ष उजेड न बघता भरलेले सीन. मी म्हणत होते जमणार नाही. जमलं. हे पहिलं झालं.

दुसरं सांगायला मला जास्त वेळ लागणार आहे.

तुमचं गाव, तुमचं काम, तुमची वर्षं, हे सगळं आपल्या नाट्यमंडळाचे सेक्रेटरी पाटीलसाहेब यांनी शोकसभेत कागदावरून वाचून दाखवलं. त्यात दोन चुका होत्या. मोटारी भरायला, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळायला, तुम्ही बेंबळीत शिकलात, धाराशिवात नाही. आणि तुमच्या दुकानात पंखे कधीच दुरुस्त होत नव्हते, फक्त पाण्याच्या मोटारी. पंखा घेऊन येणाऱ्याला तुम्ही समोरच्या दुकानाकडे बोट दाखवायचात. या दोन्ही चुका मी तिथंच उभी राहून दुरुस्त केल्या. मग पाटीलसाहेब म्हणाले, "मधे एका प्रयोगात त्यांच्या हातून मोठी गडबड झाली होती. वयाचा भाग, नजरेचा दोष. पण माणूस लाखात एक." ही तिसरी चूक. ती मी दुरुस्त केली नाही. खाली बसले आणि बाटलीतलं पाणी प्यायले.

ती राहिली म्हणून हे लिहिते आहे. तुमचा चाळिसावा दिवस अजून लांब आहे, त्याच्या आत लिहून व्हायला हवं.

आपली ओळख शाळेच्या मोटारीवरून झाली. मोटार जळली होती, शिपाई रजेवर, म्हणून मीच ती रिक्षात घालून तुमच्या दुकानात आणली. तुम्ही पुढं नव्हता. मागच्या खोलीत तांब्याच्या तारेची रिळं बाजूला सारून तुम्ही फरशीवर खडूनं एक मोठा चौकोन काढला होता आणि त्यात चहाचे कप मांडून बसला होतात. भिंतीला एक प्लायची फळी टेकवलेली, तिच्यावर सोळा बारीक लाल दिवे. मांडीवर सरकत्या पट्ट्यांचा बोर्ड.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"नाट्यगृह हाय बाई. कपाला पाय लावू नगा, त्यो हिरो हाय."

"आणि हा साखरेचा डबा?"

"हिरोईन. जरा सिनियर हाय."

मी विज्ञान शिकवते. न कळलेली गोष्ट तशीच सोडून जाणं मला जमत नाही. मोटारीचं राहिलं बाजूला आणि मी तासभर तिथंच बसले. फळीवरचा एकेक लाल दिवा म्हणजे नाट्यगृहातला एकेक मोठा दिवा. बोर्डावरची पट्टी वर केली की फळीवरचा दिवा उजळायचा, खाली आणली की मंद व्हायचा. मनासारखं जुळलं की तेवढं एका बटणात साठवून ठेवायचं, तो झाला एक सीन. खरे दिवे गोदामात पडलेले. प्रयोगाच्या दिवशी ते टांगायचे, प्रत्येकाच्या पाठीमागं त्याचा नंबर लावायचा, वायर जोडायची, की बोर्ड इतके दिवस फळीशी बोलत होता तसाच दिव्यांशी बोलायला लागतो. याला तुम्ही कोरडी तालीम म्हणायचात.

आपलं भांडण त्याच दिवशी सुरू झालं. मी म्हटलं, दिवे न लावता प्रकाशयोजना बसवणं म्हणजे गॅस न पेटवता स्वयंपाक करणं.

"मग डाळ भिजत घालता, तांदूळ निवडता, ते काय गॅसवर ठिवून करता व्हय?" तुम्ही म्हणालात. "आवो, दिवे लागले की माणूस दिव्याकडंच बगत ऱ्हातो. बोर्डाकडं कोण बगणार? चूक बोर्डात ऱ्हाती आन् आपण हिकडं उजेड बघून खूश."

"पण उजेड कसा दिसतो तेच कळलं नाही तर?"

"आपल्याला दिसायची काय घाई हाय? दिसायला पब्लिक बसलंय की."

याला उत्तर नव्हतं असं नाही. मी पुढची नऊ वर्षं वेगवेगळी उत्तरं दिली. तुम्ही एकही मानलं नाही. शाळेची मोटार मात्र सांगितलेल्या दिवशी दिलीत, आणि ती अजून चालते आहे.

आता तो प्रयोग. आपण त्याला पुढं नुसतं 'पेटीचं नाटक' म्हणायला लागलो. मंडळात बाईनं नाटक बसवण्याची ती पहिलीच वेळ होती आणि आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी मला ते ऐकवायचंच. "बघा बाई, झेपतंय ना?" असं. झेपतंय हे दाखवायला मी सगळं कागदावर आणलं होतं. अंकागणिक रंगमंचाचा नकाशा, चौकटीच्या कागदावर, पट्टी लावून काढलेला. कुठं खाट, कुठं पेटी, कोण कुठं बसणार, उजेड कुठं. तुम्ही ते तीन नकाशे समोर ठेवून फळीवर सगळं भरलंत. मी शेजारी बसून एकेक सीन वाचायची, तुम्ही बटण दाबायचात. "सात नंबर, अर्धा." "अर्धा." "अकरा बंद." "बंद." सोळाच्या सोळा दिवे वेळेवर पेटले, वेळेवर विझले. मी स्वतः तपासलं.

नाट्यगृह आपल्याला प्रयोगाच्याच दिवशी दुपारी मिळालं. दिव्यांसकट तालीम करायला वेळच उरला नाही. तुम्ही नकाशे हातात घेऊन शिडीवर चढलात, नकाशात जिथं होतं तिथं दिव्यांची तोंडं वळवलीत आणि खाली उतरलात.

तिसऱ्या अंकात आई पुढच्या कोपऱ्यात येऊन मुलाची जुनी पेटी उघडते. सगळं नाटक त्या पेटीपाशी येऊन थांबतं. बाकीचा रंगमंच काळोखात आणि एकच दिवा तिच्यावर. तुम्ही बटण दाबलंत आणि मागच्या कोपऱ्यातली रिकामी खाट लखलखीत उजळली. सुरेखा आईचं काम करत होती. ती बिचारी अंधारात पेटी उघडून रडत होती आणि लोक खाटेकडे बघत होते, आता तिथं कुणीतरी येईल म्हणून. मागून कुणीतरी ओरडलं, "लाइटवाले, पेटी हिकडंय! खाटंवर काय झोपायचंय का?" सगळं नाट्यगृह हसलं. तुम्ही पुढच्या दोन पट्ट्या हातानं वर ओढल्यात आणि कसंबसं तिला उजेडात आणलंत. तोवर त्या प्रसंगाचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

पडदा पडल्यावर पाटीलसाहेब आणि आणखी दोघं बोर्डाजवळ आले. "काय हे भाई? डोळे तपासून घ्या आता." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. माझ्या हातात नकाशे होते. तिसरा वर होता.

तो नकाशा उलटा होता, मेहबूबभाई. पहिले दोन मी तालमीच्या हॉलमध्ये समोर खुर्चीत बसून काढले होते, प्रेक्षकांच्या बाजूनं. तिसरा मी नटांच्या बाजूनं काढला. त्या दिवशी सुरेखा आली नव्हती, तिच्या जागी मीच उभी राहत होते, आणि मधल्या वेळात तिथंच मांडी घालून, प्रेक्षकांकडे तोंड करून, कागद भरला. प्रेक्षक वर, मागचा पडदा खाली. कुठली बाजू कुठली हे लिहायचं राहिलं. मला त्याच क्षणी, बोर्डाजवळ उभं असताना, ते कळलं. मी नकाशे दुमडले आणि पर्समध्ये टाकले.

तुम्ही म्हणालात, "व्हय साहेब. चुकलं माझं."

आणि मी काहीच म्हणाले नाही.

कोरडी तालीम हेच पकडू शकत नाही. सात नंबर म्हटलं की सात नंबर पेटतो का, एवढंच ती सांगते. सात नंबर मुळात तिथं हवा होता का, हे तिला माहीत नसतं. हे मी तुम्हाला भांडणात कधी सांगितलं नाही. माझ्याकडचा तो सगळ्यात चांगला मुद्दा होता, पण तो काढायचा तर नकाशाही काढावा लागला असता.

पुढच्या वर्षीपासून मंडळानं दिव्यांसाठी सोलापूरची पार्टी लावली. त्याच्या पुढच्या वर्षीही तीच. मी अधूनमधून तुमच्या दुकानात चहाला येत होते. येऊन गप्प बसायची. एकदा तुम्हीच म्हणालात, "बाई, तोंड पाडून बसू नगा. तुमाला अजून नाटकं बसवायची हायत. मला काय, मोटारी हायत." मला वाटलं, तुम्ही मला धीर देताय. तुमचं काम गेलं आणि धीर मला देताय, याचाच मला तेव्हा राग आला होता.

तिसऱ्या वर्षी मी मंडळात अडून बसले. सोलापूरवाले तालमीला येत नाहीत, नाटक न बघता रंगीत दिवे फिरवतात, मला ते चालणार नाही, भाई नसतील तर मी नाटक बसवणार नाही. तोवर माझी दोन नाटकं गाजली होती, म्हणून ऐकलं. तुम्ही परत आलात. लोकांना वाटलं बाईंचं मन मोठं. मी तेही वाटू दिलं.

परत आलात ते एक नवीन खूळ घेऊन. कुठलाही नकाशा हातात आला की त्यावर काहीही बघायच्या आधी तुम्ही निळ्या पेन्सिलीनं खालच्या कडेला दोन चिमुकल्या खुर्च्या काढायचात. "ही तुमची, ही माझी. आपण हितं बसलोय." मग एका कडेला लिहायचात बेंबळी, दुसऱ्या कडेला तुळजापूर. तुम्ही बेंबळीचे, माझं माहेर तुळजापूरचं. तुमची खुर्ची ज्या बाजूला ती बेंबळीकडची बाजू, माझी ती तुळजापूरकडची. आमचे नट सुरुवातीला हसायचे. नंतर तालमीत सगळेच तसं बोलायला लागले. "तू बेंबळीकडून ये, तिला तुळजापूरकडं जाऊ दे." बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी विचारलं होतं, हे नाटक एसटी स्टँडवर घडतं का? त्यांना चहा देताना तुम्ही सांगितलंत, "न्हाय साहेब, आमच्या मंडळात सगळे परवाशी हायत."

मला ते पोरकट वाटायचं. वयस्कर माणसाची लहर म्हणून मी खुर्च्या काढू दिल्या.

आजारपणाबद्दल लिहीत नाही. तुम्हाला आवडायचं नाही. डॉक्टर काय म्हणाले हे विचारलं की तुम्ही बोर्डाच्या बॅटरीबद्दल बोलायचात. शेवटची कोरडी तालीम तुमच्या घरी झाली, दुपारची, खाटेवर. तीन उशा पाठीशी, बोर्ड मांडीवर, फळी समोरच्या कपाटाला टेकवलेली. कप मांडायला फरशीवर वाकता येत नव्हतं, म्हणून भाभींनी पोळपाट आणून दिला. "ह्यावर करा तुमचं नाट्यगृह. पण कणीक मळायच्या आत रिकामं पायजे," त्या म्हणाल्या. पोळपाट गोल, तुम्ही म्हणालात, "ह्यो सर्कशीचा रंगमंच झाला की." दोन सीन भरले की तुम्हाला दम लागायचा. मी घड्याळ बघायची, तुम्ही म्हणायचात, "चला, पुढचा."

शेवटच्या सीनवर अडलो. नाटक संपतं तेव्हा शिलाई मशीनवर बसलेल्या बाईवरचा दिवा विझतो. मला तो तीन सेकंदांत विझायला हवा होता.

"तीन सेकंद? फ्यूज गेला म्हणत्याल लोक."

"मग किती?"

"नऊ."

"नऊ सेकंद म्हणजे किती होतात माहीत आहे का? लोक चपला शोधायला लागतील."

"शोधू द्या. चपला शोधायला बी उजेड लागतो." तुम्ही हसलात आणि खोकला आला. भाभी पाणी घेऊन आल्या आणि माझ्याकडे असं बघितलं की मी वही मिटली. "उद्या बोलू," मी म्हटलं. "उद्या नऊच," तुम्ही म्हणालात.

उद्या मला शाळेत परीक्षेचं काम होतं. परवा येते म्हटलं. परवा सकाळी भाभींचा फोन आला.

प्रयोगाला तेव्हा अकरा दिवस होते. चार दिवसांनी भाभींनी मला बोलावून बोर्ड, फळी आणि तुमचं लांबट रजिस्टर हातात दिलं. "ते म्हणाले होते, बाईंना द्या. दुसऱ्या कुणाला कळायचं न्हाय." मी घरी येऊन रजिस्टर उघडलं. मला शेवटच्या सीनचे सेकंद बघायचे होते. नऊ. खाली रेघ मारलेली.

मग मी मागं चाळत गेले. प्रत्येक नाटकाचे नकाशे तुम्ही आधी रजिस्टरमध्ये उतरवून घ्यायचात, हे मला माहीतच नव्हतं. पेटीच्या नाटकाचे तीनही होते. पहिल्या दोनांत खुर्च्या नव्हत्या, कारण तेव्हा ती पद्धतच नव्हती. तिसऱ्यात होत्या. निळ्या पेन्सिलीनं, दोन, कागदाच्या वरच्या कडेला. उलट्या. शेजारी काहीही लिहिलेलं नव्हतं.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी दुकानात बसून तुम्ही माझा नकाशा नीट बघितलात, प्रेक्षक कुठं बसले होते ते शोधून काढलंत आणि तिथं आपल्या दोघांच्या खुर्च्या मांडल्यात. मग रजिस्टर मिटलंत. पुढं खुर्च्या काढत राहिलात, प्रत्येक कागदावर, माझ्यासमोर, माझं काही चुकू नये म्हणून. "तुमाला अजून नाटकं बसवायची हायत." ते धीर देणं नव्हतं. तो निर्णय होता, आणि तुम्ही तो माझ्या वतीनं घेऊन टाकला होता.

मला आधी तुमचा राग आला, हेही लिहून ठेवते. एवढं माहीत होतं तर एकदा म्हणायचं होतंत. मी भांडले असते, मग कबूल केलं असतं. बहुतेक. या 'बहुतेक'वर माझा मात्र विश्वास नाही, आणि तुमचाही नसावा.

परवा नाट्यगृहात सकाळीच गेले. शिडीवर मी चढले, गुडघ्यांची पर्वा केली नाही. दिवे टांगले, नंबर लावले, वायर जोडली, पहिलं बटण दाबलं. दिवे बोर्डाशी ओळख असल्यासारखे बोलले. एकोणचाळीस सीन मी एकदा रिकाम्या रंगमंचावर चालवून बघितले. कुठंही पट्टीला हात लावावा लागला नाही. बोर्डाजवळ दोन खुर्च्या मांडल्या होत्या. मुद्दाम नाही, हातानं सवयीनं दोन उचलल्या.

दुसऱ्या अंकानंतरच्या मध्यंतरात पाटीलसाहेब आले आणि बेंबळीकडच्या खुर्चीत बसले.

"मस्त चाललंय बाई. भाईंनी शेवटी शेवटी काम मात्र चोख केलं हो. नजर एवढी गेलेली असून."

"साहेब, त्यांची नजर गेलेली नव्हती," मी म्हटलं. "पेटीच्या नाटकातला तिसऱ्या अंकाचा नकाशा मी उलटा काढला होता. त्यांनी कागदात होतं तसंच केलं."

"कधीचं काय काढताय बाई?"

"तुम्हीही शोकसभेत काढलंतच की."

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "तेव्हा का नाही बोललात?"

"घाबरले. पहिलं नाटक होतं. मला पुन्हा दिलं नसतंत."

"नसतंच दिलं," ते म्हणाले. पाटीलसाहेब निदान खरं बोलतात. मग म्हणाले, "दोन वर्षं आपण त्यांना बोलावलं नाही."

"तुम्ही बोलावलं नाही. मी बोलले नाही. पुढच्या सभेत मी हे सगळ्यांसमोर सांगणार आहे, आणि भाभींच्या घरी जाऊनही. तुमचा तो कागद कुठं छापायला देणार असाल तर ते वाक्य काढून टाका."

"काढतो."

"आणि आता ही खुर्ची सोडा. बोर्डाला हात पुरत नाही माझा."

हात पुरत होता. पण ते उठले, आणि तिसरा अंक त्यांनी मागच्या भिंतीला टेकून उभ्यानं बघितला.

तिसऱ्या अंकात दिवा तुळजापूरकडच्या बाजूला लागला, बरोबर सुरेखाच्या हातांवर आणि मशीनच्या चाकावर. यावेळी कुणी हसलं नाही. शेवटचं बटण दाबलं आणि मी मनात मोजायला लागले. तीनला मला वाटलं आता बास. पाचला तिचा चेहरा गेला, हात राहिले. सहाला चाक तेवढं राहिलं. सातला टाळ्या सुरू झाल्या आणि उरलेले दोन सेकंद त्या टाळ्यांत बुडाले. म्हणजे नऊ जास्तच होते, मेहबूबभाई. सात पुरले असते. यावर मी तुमच्याशी भांडणार आहे आणि या वेळी मुद्दा माझ्याकडे आहे.

पण त्या भांडणाला बसायच्या आधी हे सांगायचं राहिलं होतं. तो नकाशा माझा होता. काल रजिस्टरमध्ये त्याच्याखाली मी पेननं तसं लिहिलं आहे, सही करून. खुर्च्या आहेत तशाच ठेवल्या आहेत.